साथीच्या दिवसांतील घरची बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कोणत्या विषयावर बोलणार म्हणून मला विचारले, तेव्हा मी ‘कोरोनाची साथ’ असे सांगितले. त्यावर एकदोघी म्हणाल्या, “आता कशाले वो ते जुनं उकरून काढता? दिवस आनंदाचा हाय.” त्यांचे म्हणणे काही खोटे नाही. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगावरची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि आपण तर त्याच्याही आधीच तोंडावरचे फडके काढून ठेवले होते. परंतु दुखणे घरात असताना त्याचा विचार करण्यास कोणाला फुरसत असते? तो विचार असा निवांतपणीच करावयाचा असतो. मी डॉक्टरीण नाही, नर्स नाही. औषधांतले मला फारसे कळत नाही. पण आजाऱ्याची उशी कोणी बदलली, मध्यरात्री पाणी कोणी दिले, कपाळाला हात लावून ताप कोणी पाहिला, हे मला कळते आणि तुम्हांलाही कळते. आज मी तेवढ्याच भागाविषयी बोलणार आहे.

आपल्या वऱ्हाडावर आलेली ही पहिली साथ नव्हे. सन १९१८ साली, पहिले महायुद्ध संपत आले असता, इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली. जून महिन्यात ती मुंबई बंदरात उतरली, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तिची जी दुसरी लाट आली ती फार भयंकर होती. लोक तिला ‘मानमोडी’ म्हणत. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. धान्य महाग, जनावरांना चारा नाही, आणि त्यात घरोघर ताप. हिंदुस्थानात एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसे तीत गेली. त्या वेळचा मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वांत जास्त पोळलेल्या प्रांतांपैकी एक होता.

त्या साथीविषयी वाचताना एक गोष्ट माझ्या मनात जी रुतून बसली ती अजून जात नाही. म्हातारीकोतारी राहिली आणि तरणीताठी माणसे जास्त गेली. आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. याची कारणे जाणती माणसे अशी सांगतात की, आजाऱ्याजवळ रात्रंदिवस बसणे बायकांकडे, आणि दुष्काळी दिवसांत सगळ्यांचे झाल्यावर टोपल्यात जो तुकडा उरेल तो खाणे हेही बायकांकडे. अंगात ताकद नाही आणि रोगाशी संगत मात्र चोवीस तासांची. या कारणांत डॉक्टर नाही, औषध नाही, सरकार नाही. चूल आहे आणि आजाऱ्याची बाज आहे. म्हणूनच ती मला आपल्या मंडळात सांगण्यासारखी वाटली.

सावित्रीबाई फुल्यांचे उदाहरण आपण दर ३ जानेवारीस सांगतो. १८९७ साली पुण्याच्या बाजूस प्लेग असता मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच दुखण्याने १० मार्चला त्या गेल्या. प्लेगचा जंतू निराळा, तो विषाणू नव्हे. पण सेवा करणाराला रोग आधी गाठतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. सावित्रीबाईंच्या त्यागापुढे आपण हात जोडतो ते योग्यच आहे. परंतु घरोघरच्या बाईनेही तसेच जावे आणि मग तिच्या फोटोला हार घालावा, हे मला मुळीच पसंत नाही. सेवा करणारी जगली पाहिजे. ती पडली तर पुढचा आजारी कोणाच्या हवाली करावयाचा?

आता आपल्या साथीकडे येते. देशातला पहिला रोगी ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडला. महाराष्ट्रातले पहिले ९ मार्चला पुण्यात. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ तारखेपासून सगळा देश बंद. ते दिवस भीतीचे होते, पण आपल्याकडे रोगापेक्षा रोगाच्या बातम्याच जास्त होत्या. खरा तडाखा बसला तो २०२१ च्या फेब्रुवारीत. साथ ओसरली असे सगळे म्हणत असता ती आपल्या अमरावती-अकोल्याकडे पुन्हा उसळली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर बंद करण्यात आले, आणि पुढे मुदत वाढली तेव्हा आपले अंजनगावही त्यांत आले. ज्याला नंतर ‘डेल्टा’ म्हणू लागले त्या कुळातला विषाणू त्याच सुमारास महाराष्ट्रात, आपल्या विदर्भातही, फिरत होता, असे पुढे तपासणीत दिसून आले.

बंदीचा दुसरा दिवस २३ फेब्रुवारी, म्हणजे गाडगेबाबांची जयंती. बाबांचे जन्मगाव शेंडगाव आपल्याच तालुक्यातले. त्या दिवशी ना मिरवणूक, ना कीर्तन. पण एक गोष्ट मला फार शोभून दिसली. अमरावतीच्या ज्या विद्यापीठाला बाबांचे नाव आहे, त्याच्याच प्रयोगशाळेत २०२० च्या उन्हाळ्यापासून कोरोनाचे नमुने तपासले जात होते. गावची घाण झाडणाऱ्या बाबांच्या नावाने रोगही शोधला जात होता. असो.

डॉक्टर सांगत, आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची न्हाणी वेगळी, संडास वेगळा, भांडी वेगळी. सांगणे शंभर टक्के बरोबर. पण आपल्या अंजनगावात आणि सुर्जीत असे घर किती जणांचे आहे? पुढे ओटा, मधले घर, मागे स्वयंपाक, आणि सगळ्यांत मिळून न्हाणी एक. त्यात सासूसासरे, लेकरे, एखादी बाळंतपणाला आलेली लेक. मग मधल्या घराला लुगड्याचा पडदा लावून त्यालाच खोली म्हणावयाचे. त्या पडद्याच्या अलीकडून पलीकडे दिवसातून वीस वेळा जाणारी व्यक्ती एकच. चहा न्यायचा, वाफेचे पाणी न्यायचे, उलटी झाली तर पुसायचे. बाकीचे सगळे पडद्याच्या अलीकडे सुखरूप, आणि ही मात्र दोन्हीकडची.

पहिल्या वर्षी सगळे ध्यान हात धुण्यावर आणि भाजी धुण्यावर होते. काही घरांत दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धूत. हात धुणे केव्हाही चांगलेच. परंतु हा रोग मुख्यतः श्वासावाटे, कोंडलेल्या हवेतून पसरतो, हे स्पष्टपणे सांगावयास मोठमोठ्या संस्थांनाही २०२१ चा उन्हाळा उजाडला. आणि आपल्याकडे तर आजाऱ्याला ‘वारा लागेल’ म्हणून खिडक्या लावून घेण्याची, दाराच्या फटीत गोधडी कोंबण्याची रीत आहे. या रोगात नेमके उलटे पाहिजे होते. समोरासमोरची दोन दारे उघडी, आजाऱ्याची बाज वाऱ्याच्या जाण्याच्या बाजूला, आणि आत जाणारीच्या नाकातोंडावर नीट बसलेला मास्क. यास पैसा लागत नाही. वेगळी खोली नसली तरी वेगळी हवा थोडीबहुत करता येते. हे आधी कोणी घरोघर सांगितले असते तर किती बरे झाले असते, असे मला फार वाटते.

काढ्याविषयी दोन शब्द. आपले गाव पानमळ्यांचे आणि पानपिंपळीचे. पिंपळी ही औषधी, तेव्हा काढ्यात तीही पडली, सुंठ पडली, मिरी पडली, तुळस पडली. गरम काढ्याने घसा मोकळा होतो, बरे वाटते, हे खरे आहे, आणि आपल्या मातीतल्या जिनसेचा मला अभिमानही आहे. पण काढ्याने विषाणू मरत नाही आणि कमी झालेला प्राणवायूही वाढत नाही. काही घरांत तीनतीन दिवस काढ्यावर काढले, आणि चौथ्या दिवशी जीप शोधत फिरले. हा दोष पिंपळीचा नाही.

या रोगाची एक मोठी लबाडी होती. ती अशी की माणूस बोलतो आहे, चहा पितो आहे, आणि आत रक्तातला प्राणवायू उतरत चालला आहे. धाप लागेपर्यंत कळत नाही. ते कळण्यासाठी बोटाला लावावयाचा तो छोटा चिमटा, ऑक्सिमीटर, फार उपयोगी पडला. तो कसा वापरावा हे पुन्हा सांगते, कारण पुष्कळ घरांत तो डबीत पडून आहे आणि रीत विसरली गेली आहे. हात गार असतील तर आधी चोळून गरम करावेत. नखाला रंग असेल तर पुसावा. पाच मिनिटे स्वस्थ बसून मग चिमटा लावावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. ९५ च्या वर असेल तर ठीक. ९४ किंवा त्याहून खाली असेल तर डॉक्टरांना विचारावे, उद्यावर टाकू नये. बसल्या जागी आकडा चांगला असला तरी एक चाचणी सांगत असत: घरातल्या घरात, न धावता, सहा मिनिटे चालावे, साठीच्या वरच्यांनी तीनच मिनिटे, आणि पुन्हा आकडा पाहावा. चालल्यावर तो ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त अंकांनी उतरला, तर दवाखाना गाठावा. मुळातच धाप असेल त्याने ही चाचणी करू नये.

आता ज्याच्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. हा चिमटा घरात कोणाकोणाच्या बोटाला लागला? मालकांच्या लागला, सासऱ्यांच्या लागला, लेकरांनी खेळ म्हणून लावून पाहिला. लावणारी बाई होती. वहीत आकडे लिहिणारी बाई होती. तिचा आकडा त्या वहीत होता का?

आमच्या गल्लीतल्या एका बाईचे सांगते. ती वाचली हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिचे मालक आणि सासूबाई दोघेही आजारी. दोघांची तपासणी झाली, दोघांना गोळ्या सुरू झाल्या. हिला कोणी विचारले की म्हणे, “मले काई झालं नाई, जराशीक कसर हाय आंगात.” तशा कसरीत तिने आठ दिवस दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. भाजीचा वास येत नाही हे तिला कळले होते. पण तेही कोणाला सांगितले नाही. का? तर तपासले आणि निघाले तर आपल्याला नेतील, मग या दोघांचे कोण करील, आणि लहान पोरीला कोणाजवळ ठेवावे. नवव्या दिवशी ती पाणी भरता भरता भिंतीला टेकून खाली बसली. शेजारणीने चिमटा लावला तर आकडा ८६. तिला अमरावतीस नेले. एकोणीस दिवसांनी परत आली. त्या एकोणीस दिवसांत मालकांनी आणि सासूबाईंनी, बरे होत होत, स्वयंपाक करून खाल्ला. म्हणजे तिच्यावाचून घर अडले असते, हे तेवढे खरे नव्हते. पण हे तिला कोणी आधी सांगितले नव्हते.

तिची भीती मात्र खोटी नव्हती. मे २०२१ च्या अखेरीस सरकारने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यांत आपला अमरावती जिल्हा होता आणि अकोलाही. निर्णयामागचा विचार मला समजतो. लहान घरांतून रोग पसरत होता, आणि कोविड केंद्रात नेले तर घरचे वाचतील, असा तो हिशेब. परंतु लेकुरवाळ्या बाईने घर सोडून आठदहा दिवस केंद्रात जावे, तर तिच्यामागे काय, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता. नियम कडक झाला की दुखणे लपविणे वाढते, आणि लपविण्यात आपण बायका पहिल्यापासून तरबेज.

२०२० च्या मे महिन्यापर्यंत देशात जे रोगी सापडले, त्यांत बायका सुमारे एकतृतीयांश होत्या. पुढेही नोंदलेल्या मृत्यूंत पुरुषच जास्त राहिले, आणि हा रोग पुरुषांना जास्त जड जातो असे डॉक्टरही सांगतात. ते खरे असेल. पुरुष बाहेर जास्त फिरतात हेही खरे. तरी माझ्या मनात एक शंका राहतेच. तिघांच्या मागे एक बाई, ही सगळी रोगाचीच करणी, की तपासणीच्या रांगेतही आपला नंबर शेवटचा होता?

न तपासण्याचा तोटा पुढेही झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ च्या अखेरीस कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना ५०,००० रुपये देण्याचे ठरले. त्यासाठी कागद पाहिजे: तपासणीचा, नाहीतर दवाखान्याच्या निदानाचा. ज्यांनी लोक काय म्हणतील या भयाने तपासणीच टाळली आणि घरीच प्राण सोडला, त्यांच्यामागच्या बायका कागद कोठून आणणार? नवरा गेला, आणि तो कशाने गेला हे सिद्ध करणेही तिच्याच गळ्यात. त्याच वर्षी राज्य सरकारने अशा विधवांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले, त्याचा आधार काहींना झाला. पण कचेरीच्या पायरीवर पदर सावरीत बसलेल्या बाया आठवल्या की मला अजून कसेसेच होते.

औषधांविषयी मी फार बोलणार नाही. रेमडेसिवीरसाठी लोकांनी दागिने मोडले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नये असा सल्ला दिला होता, हे तेव्हा गावात कोणाच्या कानावर आले नाही. स्टेरॉइडच्या गोळीने प्राणवायू लागणाऱ्या रोग्यांचे प्राण वाचले, हे २०२० च्या जूनमध्ये विलायतेत सिद्ध झाले. पण ज्याला प्राणवायू लागत नाही त्याला तिचा फायदा नाही, हेही त्याच वेळी दिसले होते. तरी शेजाऱ्याला दिलेली चिठ्ठी दाखवून पहिल्याच दिवशी गोळी आणणारे लोक होते. त्यातून साखरेचे दुखणे असलेल्यांची साखर चढली, आणि पुढे काळ्या बुरशीने कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. दुसऱ्याची चिठ्ठी आपल्या घरी वापरू नये, एवढे तरी आपण घरात ठासून सांगू शकतो.

लशीच्या वेळी मात्र आपल्यावर अफवांनी चांगलाच घाला घातला. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या वरच्या सर्वांना आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. एक लस पुण्याच्या सीरम संस्थेत तयार झाली. दुसरी हैदराबादच्या कंपनीने केली, तिचा विषाणूही पुण्याच्याच राष्ट्रीय संस्थेत वेगळा काढलेला. म्हणजे दोन्हींत महाराष्ट्राचा हात. पण एप्रिलमध्ये मोबाईलवर निरोप फिरू लागला की, पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस बाईने लस घेऊ नये. सरकारने लगेच तो खोटा म्हणून जाहीर केले. तरी किती जणी त्या दिवसांच्या हिशेबात घरी बसल्या! पाळीविषयी डॉक्टरांना विचारायची लाज, आणि मोबाईलवर विश्वास. वंध्यत्व येते ही दुसरी अफवा. तिनेही नव्या सुनांना अडविले. गरोदर बायांना २ जुलै २०२१ पासून लस देण्यास परवानगी मिळाली, कारण गरोदरपणी हा रोग जास्त जड जातो असे दिसून आले होते. आपल्या आज्यांनी देवीचे व्रण चेहऱ्यावर बाळगले आणि तो रोग देशातून १९७५ साली हटला तो लशीनेच, हे ज्यांना ठाऊक होते त्या म्हाताऱ्या सुनांआधी रांगेत उभ्या होत्या, हे मी पाहिले आहे.

या सगळ्यात आपल्या आशाताईंना विसरून चालणार नाही. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप आणि प्राणवायू मोजत फिरल्या त्या ह्याच. काही ठिकाणी लोकांनी त्यांना दारातून परत पाठविले, ‘तुम्हीच रोग आणता’ म्हणून बोलले. जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला, तेव्हा सरकारने काही वाढ दिली. पुढच्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा मोठा गौरव केला. गौरव झाला हे उत्तमच, पण त्याही कोणाच्या तरी घरच्या बायकाच आहेत. उन्हातून फिरून घरी गेल्यावर त्यांनाही चूल होती, आणि आपल्यापासून लेकरांना रोग लागेल या भीतीने कित्येकींनी ओट्यावर वेगळी सतरंजी टाकून रात्री काढल्या. आपल्या दारी आशाताई आली तर तिला आत बोलवा, पाणी द्या, आणि ती काय विचारते त्याचे खरे उत्तर द्या.

साथ पुन्हा कधी येईल आणि कोणत्या नावाने येईल, हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. मोठा खर्च नाही. मंडळाच्या कपाटात दोन ऑक्सिमीटर आणि दोन तापमापक ठेवावेत. एक वही करावी. तीत गल्लीगल्लीतल्या अशा बाया लिहाव्यात, ज्यांच्या घरी करणारी दुसरी कोणी नाही. साथ आली की प्रत्येकीच्या वाट्याला अशी एक बाई यावी. रोज सकाळी दारातून, लांबूनच, तिला विचारावे. मालक कसे आहेत, सासूबाई कशा आहेत हे नंतर, आधी तुम्ही कशा आहात. चिमटा आधी तिच्या बोटाला लावावा आणि आकडा वहीत तिच्या नावापुढे लिहावा. ती पडली तर तिच्या घरी दोन वेळचा डबा कोण देणार, पोर कोणाकडे राहणार, हेही आधीच लिहून ठेवावे. मग तपासणीला चला म्हटल्यावर तिला ‘घरचे कोण करील’ हे म्हणता येणार नाही, कारण उत्तर वहीत लिहिलेले असेल.

वही मी आणलेली आहे आणि चिटणीसबाईंकडे दिली आहे. ज्यांना आपल्या गल्लीची नावे घालावयाची आहेत त्यांनी चहा झाल्यावर त्यांना भेटावे. ऑक्सिमीटर मिळाले की त्यांतले सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवा. आत राहिले तर ते गळतात आणि नेमका वेळेवर चिमटा लागत नाही.